मोहतलावाचा फेर

त्या रविवारी सकाळी रुपराव तितरमारे स्वेटर उलटं घालून घराबाहेर निघाले आणि वच्छलाबाईंनी त्यांना फाटकातून परत बोलावलं.

"अवो, शिवण बाहेर दिसून राहिली. लोक म्हणतील, बायको आंधळी हाय."

"लोकायले माहीत हाय, बायकोले सगळं दिसते," रुपराव म्हणाले आणि तिथेच स्कूटरजवळ उभं राहून स्वेटर सुलट करायला लागले. डोकं आत अडकलं. आतूनच त्यांचा आवाज आला, "कामिनी, चालतं का वं तलावावर? आज उईकेबाई येऊन राहिल्या बघाले."

कामिनी ओसरीवर उन्हात बसली होती. हातातलं पुस्तक नुकतंच संपलं होतं आणि दुसरं आणायला जिना चढायचा कंटाळा आला होता. एवढ्याच कारणाने ती "चला" म्हणाली आणि स्कूटरवर मागे बसली. ती कॉलेजात ग्रंथपाल होती, चाळिशी ओलांडलेली, घरातही मोजकं बोलणारी. बापाचं तसं नव्हतं. रुपराव सिग्नलला थांबले तरी शेजारच्या रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोलून घेत.

रुपराव मूळचे कुहीकडचे. भाऊ अजून तिकडे धान लावतो. ते स्वतः तरुणपणी कळमेश्वरच्या एका कारखान्यात फॅब्रिकेशनला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण मोहल्ल्यात त्यांची ओळख वेगळीच होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात, बांबू-कागदाचे मोठाले पुतळे. मोहल्ल्याचा बडग्या दरवर्षी रुपरावच करत. रात्रंदिवस खपून केलेला तो पुतळा गावभर मिरवायचा, लोक पोट धरून हसायचे आणि संध्याकाळी त्याला काडी लावली जायची. "जिंदगीभर जाळाचीच मूर्ती केली," ते म्हणायचे. "एक तरी न जळणारी करू."

ती संधी मोहतलावाने दिली. जरीपटक्याच्या पलीकडे हा तलाव आहे. गोंड राजांच्या काळात खोदला असं सांगतात. मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं अजून त्याच्या काठाला आहेत आणि हिवाळ्यात निम्मं पाणी शिंगाड्याच्या वेलीखाली झाकलेलं असतं. आसपासच्या लोकांनी एक समिती केली आणि ठरवलं, की ज्यांचा हा तलाव त्यांची शिल्पं काठावर उभी करायची. पाण्याजवळ ढिवराचा डोंगा, आणि वर मोकळ्या जागेत गोंड बायांचा रेला नाच. काम रुपरावांकडे आलं. वर्षभर घरामागच्या शेडमधून ठिणग्या उडत होत्या. पाइपांचे हातपाय, ड्रमच्या पत्र्याचे पदर. डोंग्यातल्या माणसाने फेकलेलं जाळं त्यांनी सायकलच्या जुन्या चेनींचं विणलं होतं. सगळं नुकतंच तलावावर नेऊन बसवलं होतं, आणि वारा आला की ते जाळं किणकिणायचं.

लतिका उईके तलावावर आधीच येऊन थांबल्या होत्या. बँकेत शाखा व्यवस्थापक, समितीच्या सदस्य, आणि शहरातल्या गोंड बायांचं नाचाचं पथक चालवणाऱ्या. साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. त्यांनी 'जय सेवा' म्हणत नमस्कार केला. मग बराच वेळ फेराभोवती हिंडत राहिल्या.

फेर होताच तसा. अकरा लोखंडी बाया एकीमागे एक चाललेल्या, गुडघ्यापर्यंत आखूड लुगडी, एकीचा मागचा हात दुसरीच्या पुढच्या हातात. कुणी म्हातारी, कुणी पोरसवदा, एक पोटुशी. मधोमध ढोलवाला, आणि सगळ्यांची तोंडं हसून त्याच्याकडे वळलेली.

"काका," लतिकाबाई शेवटी म्हणाल्या, "ही लुगड्याची गाठ कोणी सांगतली तुमाले?"

"सांगन कोण? तुमच्या प्रॅक्टिसले येऊन बसत होतो न मी."

लतिकाबाईंना राहवलं नाही. त्यांनी पदर खोचला, तोंडाने रेल्याची लय धरली आणि त्या लोखंडी बायांच्या बरोबरीने नाचायला लागल्या. दोन पावलं गेल्या आणि पोटुशीच्या कोपरावर आपटल्या. बाजूला झाल्या, पुन्हा सुरुवात केली. आता म्हातारी समोरून आली.

"बाई, राँग साइडनं येऊन राहिल्या तुम्ही," रुपराव म्हणाले.

"मी बराबर चालून राहिली काका. तुमच्या बाया राँग साइडनं येऊन राहिल्या."

रुपराव हसले. मग त्यांचं हसू अर्ध्यावर थांबलं.

लतिकाबाई संकोचून म्हणाल्या, "आमचा फेर असा नाई जात. डावा हात आत राहते. नाचात बी, लगनात बी. आमची आजी म्हणे, धरती जिकडून फिरते तिकडूनच माणसानं फिरावं. मले वाटलं होतं, बोलू का नको. इतकं साजरं काम झालं हाय."

रुपराव आपल्या फेराकडे बघत राहिले. मग त्यांनी हवेत स्वतःचा उजवा हात फिरवून पाहिला, जसं देवळाला प्रदक्षिणा घालताना तो आतल्या बाजूला असतो तसा.

"आयला," ते हळूच म्हणाले. "पाय पायले, पदर पायले, गाठी पायल्या. दिशा पाहाची राहूनच गेली. होळीभवती, पिंपळाभवती, बोहल्यावर, जिथं तिथं उजवा हात आत. हातानं मले इचारलंच नाई, आपल्या मनानं फिरवून टाकल्या बाया."

आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग खाली ढोलवाल्याच्या पायाशी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लतिकाबाई घाबरून कामिनीकडे बघत होत्या आणि कामिनीलाही हसू आवरत नव्हतं.

"आता?" लतिकाबाईंनी विचारलं.

"आता का? काढू अन् फिरवू. गोंडाच्या बाया तेल्याकुणब्यावानी फिरवून तलावावर ठेवल्या तर राजा वरून खाली येईन न."

परत येताना ते पोह्याच्या ठेल्यावर थांबले आणि पोहेवाल्याला सगळी हकिकत सांगितली, हात फिरवून दाखवत. कामिनीच्या साडीवर पोह्यांवरची तर्री सांडली. घरी वच्छलाबाईंना सांगितली, शेजारी सांगितली. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी वाढली. रात्रीपर्यंत लतिकाबाई त्या पोटुशीवर आपटून पार तलावात पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपरावांनी धर्मेंद्रला फोन केला. धर्मेंद्र कारखान्यातला त्यांचा जुना जोडीदार, आता स्वतःचं वेल्डिंगचं दुकान असलेला. "ग्राइंडर घेऊन ये गा," ते म्हणाले, "बायायचे हात सोडवाचे हायेत." फोन ठेवला, चपला घालायला वाकले आणि तसेच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. कुहीचे लोक आले, कारखान्यातले आले, मारबतवाले आले. सगळ्यांकडे सांगायला रुपरावांची एकेक गोष्ट होती आणि ती सांगताना सगळे आधी हसत, मग डोळे पुसत. कामिनी चहा करत होती, सतरंज्या घालत होती. दुःखाबद्दल जगभरच्या लोकांनी काय काय लिहून ठेवलंय ते तिने वाचलं होतं, पण यातलं काही तिच्या कामी येईना. तिच्या घशाशी जे येऊन अडत होतं ते दुःखाचं नव्हतंच मुळी. दुःखाच्या घरात ते बोलायची रीत नव्हती, आणि त्याआधी, चांगल्या दिवसांत, ते बोलायची तिला सवय नव्हती.

पंधरवड्यावर उद्घाटन आलं होतं. समितीचे सचिव केशवराव घरी आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे गृहस्थ.

"उईकेबाईंनी मला दिशेचं सांगितलं," ते म्हणाले. "पण मी म्हणतो, आता राहू द्यावं. त्यांच्या हातचं हे शेवटचं काम. त्याला कुणी हात लावायचा? बघणाऱ्यांतल्या किती जणांना कळणार आहे?"

"गोंडांना कळेल," कामिनी म्हणाली.

"त्या तर म्हणाल्या, आमची तक्रार नाही. माणूस गेला, आता काय बोलायचं."

कामिनीला हे ऐकून जास्तच वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी ते केलं होतं, तेच आता भिडेपोटी स्वतःला उलटं फिरताना पाहणार होते. दरवर्षी तिथे येऊन नाचणार आणि लोखंडी बायांना प्रत्येक वेळी समोरून भेटणार. बाबांची चूक बाबांच्या नावाबरोबर तलावावर कायमची उभी राहणार होती, आणि ती दुरुस्त करायला निघालेला माणूस चपला घालतानाच दारात खाली बसला होता.

तिथेच बसलेल्या धर्मेंद्रला तिने विचारलं, बायांचे हात सोडवशील का. त्याने मान खाली घातली.

"ताई, तो वेल्ड काकाच्या हातचा हाय. माह्याच्यानं त्याच्यावर ग्राइंडर नाई चालवल्या जात. दुसरं काईबी सांग."

केशवराव चुकीचे नव्हते, धर्मेंद्र चुकीचा नव्हता. वच्छलाबाई आतल्या दाराशी बसून वाटाणे सोलत होत्या. आता वाटाण्यांवरची नजर न काढता म्हणाल्या, "धर्मेंद्र, एक सांग. तो माणूस स्वेटर उलटं घालून निघाला तं मी का करत होती?"

"वापस बोलावत होत्या काकू."

"कुठून?"

"फाटकातून."

"मंग? आता मेला म्हणून उलटाच राहू देऊ का तुह्या काकाले, साऱ्या गावात?" त्यांनी शेंगेतला दाणा ताटात टाकला. "जाय, ग्राइंडर आण."

केशवराव दोघांकडे बघून चहा प्यायला लागले.

पुढच्या शनिवारी सकाळी तलावावर हायड्रा क्रेन आली. धर्मेंद्रने पहिल्या हातावर ग्राइंडर टेकवण्याआधी मशीनला आणि मग त्या हाताला नमस्कार केला. ठिणग्या उडाल्या. अकरा बाया एकेक सुटून हवेत वर गेल्या आणि गवतावर उतरल्या. ढिवरांची पोरंबाळं, शिंगाडे विकणाऱ्या बाया, फिरायला आलेले पेन्शनर, सगळे गोळा झाले. लतिकाबाई रजा टाकून आल्या होत्या, सोबत पथकातल्या चार जणी.

नुसतं वळवून भागणार नव्हतं. म्हातारीचा हात खाली, पोरसवदेचा वर, प्रत्येकीचा हात फक्त तिच्या पुढचीच्याच हातात बसायचा. म्हणजे तोंड फिरवलं की क्रमही फिरवावा लागणार. सगळ्यांनी आपापली मतं मांडली. शेवटी लतिकाबाईंनी सरळ गर्दीतल्या अकरा जणींना पकडलं, गवतावर गोल उभं केलं, एकेकीला एकेक लोखंडी बाई वाटून दिली आणि त्यांनाच नाचवून क्रम लावला. वच्छलाबाईंच्या वाट्याला पोटुशी आली.

"ह्या वयात?" त्या म्हणाल्या. हायड्राचा ड्रायव्हरसुद्धा हसला.

कामिनी धुळीत काठीने खुणा करत होती. वर्षभर त्या शेडमध्ये ती दारापर्यंत जायची, चहा ठेवायची आणि परत यायची. आज पहिल्यांदा ती त्या लोखंडाला हात लावत होती, कुठे घासलंय, कुठे तसंच खरखरीत ठेवलंय ते बोटांनी बघत. म्हातारीच्या टाचेला बाबांनी भेगा पाडल्या होत्या. एवढ्या खाली, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे. तिला एकदम खदखदून हसू आलं. धर्मेंद्रने विचारलं काय झालं, तर तिने नुसती टाच दाखवली. तोही हसला आणि मग घाईने त्याने चेहऱ्यावर वेल्डिंगचा मुखवटा ओढून घेतला.

दुपारपर्यंत बाया नव्या दिशेने उभ्या राहायला लागल्या, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या ज्या कुणाच्या डोक्यात आल्या नव्हत्या.

पहिली म्हणजे तोंडं. आधी सगळ्या जणी मधल्या ढोलवाल्याकडे बघत होत्या. आता उलट चालायला लागल्यावर त्यांच्या माना बाहेर वळल्या होत्या. तलावाकडे, रस्त्याकडे, जमलेल्या लोकांकडे त्या बघत होत्या, हसत.

"ढोलवाल्याशी भांडण झालं वाटते सगळ्यायचं," पथकातली एक जण म्हणाली.

"हे चालेल का?" कामिनीने लतिकाबाईंना विचारलं. एक चूक काढताना दुसरी तर करून ठेवली नाही?

लतिकाबाई दूर रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथून बघितलं. परत आल्या तेव्हा चेहरा फुललेला होता.

"चालते. नाचताना आम्ही कुठं बी पाहतो, पाय बराबर पायजेत. अन् कामिनीताई, तुम्ही तिथून पाहा जरा. अवो, त्या बोलावून राहिल्या."

दुसरी गोष्ट धर्मेंद्रने सांगितली. हात आधी आतल्या बाजूला वाकवलेले होते, ते आता बाहेर वाकले, त्यामुळे फेर पसरून मोठा झाला. दहा ठिकाणी हात जुळले. अकराव्या ठिकाणी पोटुशीचा मागचा हात आणि पोरसवदेचा पुढचा हात यांच्यात जागा उरली. एक माणूस उभा राहील एवढी.

"बारावी कराव लागन," धर्मेंद्र म्हणाला. "पण काकासारखी माह्याच्यानं होत नाई."

कुणी काही बोलायच्या आत वच्छलाबाई त्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. दमल्या होत्या, टेकायला काहीतरी हवं होतं, म्हणून दोन्हीकडचे दोन लोखंडी हात धरले. उन्हाने ते तापलेले होते. त्या तशाच उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, आणि तलावाकडे बघू लागल्या.

"राहू द्या," लतिकाबाई म्हणाल्या. "अशीच राहू द्या जागा."

उद्घाटनाच्या संध्याकाळी मोहतलावावर उभं राहायला जागा नव्हती. गडचिरोलीकडून ढोल आले होते. ढिवरांनी डोंगे सजवले होते आणि उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या लोकांत फिरत होत्या. केशवरावांनी लिहून आणलेलं भाषण केलं. रुपरावांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली, असं ते गहिवरून सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागे फेरातल्या त्या रिकाम्या जागेत आळीपाळीने माणसं घुसून फोटो काढत होती. एक गलेलठ्ठ इसम घुसला तो अडकलाच. त्याला मागून ओढून काढेपर्यंत भाषणाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. केशवरावांनी वळून पाहिलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "असो. नाच सुरू करा."

ढोल वाजला. लतिकाबाईंचं पथक लोखंडी फेराच्या बाहेरून फिरू लागलं, डावा हात आत, एकीमागे एक, रेल्याची साद वर चढत गेली. आता कुणी कुणाला समोरून भेटत नव्हतं. हाडामांसाच्या आणि लोखंडाच्या बाया एकाच वाटेने चालल्या होत्या. फेर एका रांगेचा दोन रांगांचा झाला, मारबतवाले घुसले, पेन्शनर घुसले. वच्छलाबाई खुर्चीवर बसून पायाने ठेका धरत होत्या.

"ताई, या न," लतिकाबाईंनी जाता जाता हात पुढे केला.

कामिनी कधीही कुठे नाचली नव्हती. मिरवणुकीत बाप पुढे नाचत असायचा आणि ती पदपथावर पिशवी सांभाळत उभी असायची, तेही आनंदाने. ती नाही म्हणणार होती. पण समोरून लोखंडी बाया तिच्याकडे बघून हसत होत्या, आणि नाही म्हणायला कुणा एकीकडे बघावं हे तिला कळेना. तिने चपला काढल्या.

पहिलंच पाऊल तिने उलट्या दिशेने टाकलं. उजवा हात आत. ती थेट धर्मेंद्रच्या छातीवर आदळली.

"रक्तच तसं हाय तुमच्या घरचं," तो ओरडला.

तिला वळवण्यात आलं. दोन फेऱ्यांत पाय सापडले. तिसऱ्या फेरीत तिने पायांकडे बघणं सोडून दिलं. ढोल छातीत वाजत होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते, शेजारची अनोळखी बाई तिला कमरेने ओढून नेत होती आणि ती मोठमोठ्याने हसत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पलीकडे पाण्यावर वारा सुटला तेव्हा चेनींचं जाळं किणकिणलं असेल, पण ढोलापुढे ते ऐकू आलं नाही.

धाप लागली तेव्हा ती फेरातून बाहेर पडली आणि टेकायला त्या रिकाम्या जागेत शिरली. एका हाताने पोटुशीचा हात धरला, दुसऱ्याने पोरसवदेचा. लोखंड अजून कोमट होतं. समोर तलावावर अंधारून येत होतं, काठावरचे दिवे लागत होते. लोक तिच्यासमोरून फिरत होते, सगळे बरोबर दिशेने. कुणी तिच्याकडे बघून हात केला, कुणी शीळ घातली. तिने श्वास घेतला. घशाशी जे अडलेलं होतं ते आता तिला नीट कळलं. तिच्या सगळ्या आयुष्याबद्दलचं ते एकच साधं वाक्य होतं. त्याला शोकसभेत जागा नव्हती, आणि ते त्यांच्या तोंडावर म्हणायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. ढोलाच्या वर आवाज जावा म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्यासोबत मजा आली."